हातावरचं दही

इरा, निहार, मी फोन केला तेव्हा तिकडे तुमची शाळेची घाई चालली होती. तुमच्या आईने डबे भरता भरताच फोन घेतला. आजोबा आंघोळ करून खुर्चीत बसले आणि गेले, एवढंच मी सांगितलं. मागून निहार मोजा सापडत नाही म्हणून ओरडत होता. "आधी मुलांना शाळेत पोचव," मी म्हणाले, "मग बोलू." फोन ठेवला आणि त्यांचा ओला टॉवेल वाळत घातला. त्या दिवशी सगळी कामं मी क्रमाने केली. अजूनही करते.

तुम्ही आमच्याकडे का राहिलात आणि मग का गेलात, ते तुम्हाला नीट माहीत असावं असं मला वाटतं. तुमच्या आईबाबांना जर्मनीत नोकऱ्या मिळाल्या तेव्हा निहार रांगत होता. तिकडे बस्तान बसेपर्यंत मुलं फणसवाडीत आमच्याजवळ राहतील, असं ठरलं. त्यांचं बस्तान बसलं. पण तोवर इरा इथल्या शाळेत रमली होती आणि निहार आजोबांच्या कुशीशिवाय झोपत नव्हता. आईबाबा दर सुट्टीत न्यायला यायचे आणि आजोबा दर वेळी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." शेवटी मिनू, तुमची आई, भडकली. "बाबा, मुलं माझी आहेत, आणि मला मिळतात नुसते फोटो!" "मग इतकी वर्षं होतीस कुठे?" आजोबांनी विचारलं. त्यानंतर बापलेक वकिलांच्या तोंडूनच बोलू लागले. तुमचा ताबा कुणाकडे, हे कोर्ट ठरवणार होतं.

आमच्या घरी महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची ती आजोबांनीच. दहीही तेच लावायचे. "तुझं विरजण आंबट होतं गं, तुझ्या शिस्तीसारखं," असं मला ऐकवायचे. मिनूच्या प्रत्येक परीक्षेला, तिच्या पहिल्या मुलाखतीला, त्यांच्याच हातचं दही होतं. कोर्टाच्या शेवटच्या तारखेच्या सकाळी मिनू दादरहून, सासरहून, निहारचा तिच्याकडे राहिलेला स्वेटर द्यायला आली. आत आली नाही. आजोबा दह्याचं भांडं घेऊन उभे होते; मला देऊन झालं होतं. "येते," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. तिचा हात सवयीने पुढे आला आणि यांचा चमचाही सवयीनेच... "यश घेऊन ये," ते बोलूनही गेले. मिनूने दही खाल्लं, रुमालाला हात पुसला आणि खाली उतरली. तिची टॅक्सी वेगळी, आमची वेगळी.

कोर्टात आमचे वकील बोलायला उठले, तसे आजोबाच उभे राहिले. "मुलं त्यांची आहेत. त्यांना नेऊ द्या." वकील वैतागले, "काका, मग आधी नाही का सांगायचं!" परतताना टॅक्सीत ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, "दही देऊन पाठवलं होतं तिला. आता मीच आडवा कसा जाऊ?"

तुम्ही निघालात तेव्हा तुमच्याही हातावर दही ठेवलं. "आजोबा, साखर कमी आहे," निहार म्हणाला होता. त्यांनी पुन्हा घातली.

परवा, दिवसकार्य आटोपून मिनू परत निघाली. तिची बॅग मी वजन करून ठेवली होती, वाटेतल्या पोळ्या वेगळ्या बांधल्या होत्या. दाराशी जाऊन ती थांबली. काही राहिलं का, मी विचारलं. तिने फक्त हात पुढे केला. मी आत जाऊन भांडं आणलं. त्यांनी शेवटचं लावलेलं विरजण मी मोडू दिलेलं नाही. रोज चमचाभर मागे ठेवून त्यावर नवं लावते. मिनूने दही तोंडात घातलं. "आंबट आहे गं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

मला अजून रडू आलेलं नाही. भांडं तेच आहे, चौघांच्या मापाचं. एकटीला एवढं दही संपत नाही, लहान भांडं काढायला हवं, हे कळतं मला. संध्याकाळी दूध कोमट झालं की मात्र हात त्याच भांड्याकडे जातो.