मेनवर कोण?

परदेशातल्या नोकरीसाठी दिलेल्या ट्रेड टेस्टमध्ये माझा थोरला भाऊ पहिल्या खेपेला नापास झाला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. टेस्ट छत्रपती संभाजीनगरला, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये होती. थ्री फेज मोटरचा स्टार्टर जोडून द्यायचा, एवढंच काम होतं. हेच काम तो अंबड रस्त्यावरच्या एका खासगी आयटीआयमध्ये, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक म्हणून, वर्षानुवर्षं शिकवत आला होता. वेळ संपली तेव्हा त्याची जोडणी अर्धी झाली होती.

कारण त्याने घरी आल्यावर सांगितलं. शेडमध्ये चार टेबलं होती आणि चारही टेबलांना एकाच मेन स्विचवरून सप्लाय होता. मेन कोपऱ्यातल्या भिंतीवर, शटरजवळ. भावाने पक्कड उचलली आणि विचारलं, "मेनवर कोण?"

त्याने पुन्हा विचारलं. कंपनीचा परीक्षक म्हणाला, "किसको पूछ रहे हो? सप्लाय मेरे हाथ में है. काम चालू करो."

पण परीक्षक दुसऱ्या टेबलाजवळ उभा होता. भाऊ पक्कड ठेवून मेनपर्यंत गेला, हँडल खाली, म्हणजे बंद असल्याचं पाहून परत आला. थोडं काम झालं. मग कोणीतरी मेनजवळून गेलं, म्हणून तो परत बघायला गेला. असं वेळ संपेपर्यंत चाललं.

"टेस्टरनं बघायचं ना," मी म्हणाले.

"बघितलं. त्या टायमाला बंदच होतं. पण पुढच्या मिनिटाला कोणी चालू केलं तर?"

हा प्रश्न त्याला आयटीआयने शिकवला नव्हता. तो वडीगोद्रीजवळच्या आमच्या शेतातला होता. विहिरीतल्या मोटरचा स्टार्टर लिंबाखाली पत्र्याच्या पेटीत होता आणि विहीर मोसंबीच्या बागेपलीकडे. केबलचा जोड निकामी झाला की भाऊ विहिरीत उतरायचा. आमचे वडील, आबा, पेटीजवळ उभे राहायचे. दोघं एकमेकांना दिसत नसत आणि शेजारच्या शेतातल्या इंजिनामुळे आवाजही पोचत नसे. म्हणून मधल्या बांधावर मी.

विहिरीतून आवाज यायचा, "पेटीवर कोन हाय?"

मी लिंबाकडे तोंड करून तेच ओरडायचे. आबा हँडलवर हात ठेवून सांगायचे, "मी हाय. बंद हाय." मी विहिरीकडे वळून सांगायचे, "आबा हायेत. बंद हाय." त्याशिवाय भाऊ वायरला हात लावत नसे. आबांचे नियम दोन. पेटीवरच्याने हँडलवरचा हात काढायचा नाही. आणि बांधावरच्याने ऐकलेलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. एकदा आबांना ठसका लागला आणि बराच वेळ उत्तर आलं नाही. विहिरीतून भाऊ ओरडला, "बाई, आबा झोपले का?" मी तेही लिंबाकडे जसंच्या तसं पोचवलं. आबांनी जे उत्तर दिलं, ते विहिरीपर्यंत पोचवायला मला आईने मनाई केली.

पुढे मी जालन्याला एका दैनिकात लागले आणि भाऊ आयटीआयमध्ये. त्याच्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा गेले ते बातमीसाठी. पत्र्याखाली लाकडी बोर्डांची रांग, त्यांवर मुलांनी केलेलं वायरिंग, कोपऱ्यात मेन. भावाने विचारलं, "मेनवर कोण?" हँडलवर हात ठेवून उभा असलेला विद्यार्थी म्हणाला, "मी आहे, सर. बंद आहे, सर." त्यानंतरच सगळी मुलं कामाला लागली. प्रत्येक तासाला हे व्हायचं. आयटीआयच्या फाटकाबाहेरचा चहावाला सुट्टीआधीच्या तासाला ते ऐकून पातेलं चढवायचा. पहिल्या आठवड्यात मुलं हसतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून घरी बल्ब बदलतानाही विचारतात, असं भाऊ म्हणाला. ती बातमी छापून आली. तिचं कात्रण वर्कशॉपच्या दारावर बरीच वर्षं होतं. कागद पिवळा पडला, मग अक्षरं उडाली.

त्या वर्कशॉपमधली काही मुलं जालना एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागली, काही आखातात गेली. मागच्या वर्षी संस्थेने हा ट्रेड बंद केला. भावाचा करार पुढे वाढवला नाही. बोर्ड भंगारात गेले. भावाने एमआयडीसीत विचारणा केली. ठेकेदाराकडे हेल्परची जागा होती, तीही कायम नव्हती. त्याच सुमारास आखातातल्या एका विद्यार्थ्याने कळवलं, की त्याच्या कंपनीला इलेक्ट्रिशियन हवे आहेत. कंपनीची वयाची अट होती आणि भाऊ त्या अटीच्या काठावर होता. पहिल्या टेस्टनंतर एकच संधी उरली होती. ती गेली की वय उलटणार होतं.

गावात हे लपलं नाही. हायवेवरच्या हॉटेलात आबांचे एक जुने सोबती त्याला म्हणाले, "काय सर, पोरं धाडली दुबईला. आता त्याह्यच्याच हाताखाली जाता का?"

"जाऊन राह्यलो की," भाऊ म्हणाला. "बराबर शिकवलं असंल तर भेव कशाचं?"

"आन् न्हाई शिकवलं असंल तर?"

"मंग शॉक बसंल. त्याह्यलाबी, मलाबी."

दुसऱ्या टेस्टला मी सोबत गेले. निघताना आबा म्हणाले, "तिथं विचारत बसू नको. गपगुमान काम कर." भाऊ "बरं" म्हणाला. वाटेत, शहागडला गोदावरीला पाणी किती आहे, याच्या गप्पा झाल्या.

शेड तीच होती, परीक्षकही तोच. उमेदवारांसोबत आलेल्यांसाठी शटरबाहेर बाकडं होतं. मेनची पेटी शटरच्या आतल्या अंगाला, बाकड्यापासून दोन हातांवर. भावाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तिथून मेन दिसत नव्हता. त्याने पक्कड उचलली आणि तसाच उभा राहिला. परीक्षकाने घड्याळाकडे पाहिलं.

"मेनवर कोण?" भावाने विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

मी उठून आत गेले. हँडल खाली होतं. त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी हाय. बंद हाय."

परीक्षक वळला. "मॅडम, आप कौन?"

"बहन."

"यहाँ बाहर का आदमी अलाउड नहीं."

"हाथ हटाऊँ?"

त्याने भावाकडे पाहिलं. भावाने मान खाली घालून पहिली वायर सोलायला घेतली होती. बाकीच्या तीन टेबलांवरची मुलं थांबून माझ्याकडे बघत होती. परीक्षक म्हणाला, "हाथ रखिए. बात मत करिए."

हात भरून आला तेव्हा दुसरा हात ठेवला. पक्कड, वायर, पेचकस यांचे आवाज तेवढे येत होते. त्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली हेच आवाज असायचे. भावाने वेळेच्या आत काम संपवलं आणि टेबलापासून मागे सरकला. परीक्षकाने जोडणी तपासली, बाकीच्या तिघांना टेबलापासून मागे घेतलं आणि मला सप्लाय द्यायला सांगितलं. मी भावाकडे पाहिलं. "दे," तो म्हणाला. मोटर फिरली.

निकाल त्याच दिवशी कळला. पास. मेडिकल आणि व्हिसा होऊन तो उन्हाळ्याच्या तोंडावर गेला. शेतातल्या मोटरला आता मोबाइलवर चालणारा स्टार्टर आहे. आबा तो घरातून बंद करतात आणि समोर कोणी नसलं तरी "बंद हाय" म्हणतात.

कामावर रुजू झाल्यावर भावाने पहिला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा आबांनी विचारलं, "तिथं पेटीवर कोन असतं?"

"कोनीच न्हाई. इथं मेनला ज्याचं त्याचं कुलूप लावायचं आन् चावी खिशात ठेवायची. विचारायचं काम न्हाई."

"मंग विचारलं न्हाई तू?"

"पयल्या दिवशी तोंडातून गेलंच."

"कोनी बोललं का?"

"बोललं. खालच्या मजल्यावरून. 'मी आहे, सर. बंद आहे, सर.'"

उत्तर देणारा तोच विद्यार्थी होता, ज्याने नोकरीची खबर कळवली होती. तो आमच्याच जालना जिल्ह्यातल्या बदनापूरचा आहे.