चर्चच्या पायरीवरची हाळी

ओहायोतल्या आमच्या गावात मतदान चर्चच्या तळघरात होतं, आणि तिथली कारभारीण म्हणजे लोरीन स्टकी. सकाळी पायरीवर उभं राहून "मतदान सुरू!" अशी हाळी द्यायची आणि संध्याकाळी तशीच हाळी देऊन ते बंद करायचं, हा तिचा मान. घड्याळं सगळ्यांकडे आहेत, पण लोरीन अशी ओरडे, जणू तिच्यावाचून देश अडलाय. रांगेत पहिली दरवर्षी चर्चसमोरच्या घरातली माहीन. मूळची तेहरानची, शिवणकाम करते, आता इथलीच नागरिक. येताना वेलचीची बिस्किटं आणायची.

न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्या महिन्यात अग्निशमन दलाच्या शेडमधल्या पॅनकेक न्याहारीला लोकांनी लोरीनला बोलायला उभं केलं. तिने टीव्हीवरचंच उचललं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "त्यांना आपला राग का? आपण मत देतो म्हणून! आपलं स्वातंत्र्य त्यांना बघवत नाही!" टाळ्यांनी शेड दणाणली.

टायरवाला ड्वेन ओरडला, "माहीनलाच विचारा की! ती तिकडचीच. काय गं, खरं ना?"

माहीन काटा खाली ठेवून उठली. "मी शाळेत होते तेव्हा आमच्याकडेही संसदेने निवडलेला पंतप्रधान होता. तेल आमचं म्हणाला, तर तुमच्या सरकारने पैसे चारून त्याला पाडलं. तुम्ही मत देता म्हणून कोण चिडतंय, बाबांनो? आमच्या मताचं मातेरं केलंत, त्याचा राग आहे."

मग लोरीनने आमचं सगळं गाव करतं तेच केलं. अवघड बोलणं हसण्यावारी नेलं. "अगं, पॅनकेक गार होतायत तुझे! पाक वाढा रे हिला!" सगळे खो खो हसले. माहीन कोट उचलून निघून गेली.

नोव्हेंबरात मतदानाला ती आलीच नाही. दुपारी लोरीनने चर्चच्या फोनवरून तिला गाठलं.

"माहीन, येतेस ना गं? शाळेसाठी कर लावायचा का, त्याचं मतदान आहे."

"मी कशी येऊ? तुम्ही मत देता ते मला बघवत नाही ना? तूच म्हणालीस."

"तुला नव्हतं गं म्हटलं मी!"

"मग ड्वेनने मला उठवलं तेव्हा सांगायचंस. तेव्हा तुला पाक सुचला."

फोन बंद झाला. लोरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे चारचौघांत एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही तिच्याने झालं नव्हतं.

संध्याकाळी ती पायरीवर आली. मतदान बंदची हाळी पडायच्या आत जो दारात पोचेल, त्याला मत देता येतं. समोरच्या खिडकीत दिवा होता, माहीन शिलाई मशीनवर वाकलेली दिसत होती. लोरीन तिकडेच बघत राहिली.

"अगं, वेळ झाली. ओरड की!" आतून कोणीतरी म्हणालं.

लोरीनने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा तिने ती हाळी नुसती पुटपुटली, समोर माहीनला ऐकू जाऊ नये म्हणून.