दुसरी ओंजळ

रत्नप्पा अण्णांनी मला फसवलं. चार वर्षं, दर महिन्याला, माझ्याच दुकानात माझ्यासमोर उभं राहून फसवलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, आणि मी चांगलंच लिहायला बसलो आहे. पण ही गोष्ट आधी कागदावर उतरल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही...

महिना झाला. दुबलगुंडीहून निरोप आला, अण्णा गेले. ते मिशनच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. निवृत्तीनंतर गावी राहत आणि महिन्याला एकदा हुमनाबादला माझ्या दुकानी तुरीची डाळ न्यायला येत. आमच्याकडं तोलून झालं की वर एक ओंजळ घालायची रीत आहे. ती गिऱ्हाइकाची हक्काची. अण्णा मात्र पिशवीचं तोंड उघडंच धरून ठेवायचे. "बाबुराव, अजून एक. एका आजाऱ्यासाठी." जमिनीवर गोणपाट टाकून विकण्यापासून मी हे दुकान उभं केलं आहे, रितीपलीकडं दाणासुद्धा फुकट देत नाही. मी म्हणायचो, "अण्णा, तुमच्या देवानं पाच भाकरींत हजारो माणसं जेवू घातली म्हणता. मग माझ्या ओंजळीवर डोळा कामून?" ते हसून म्हणायचे, "त्या भाकरी बी कुणाच्या तरी घरच्याच होत्या की." मग मी शिव्या घालत दुसरी ओंजळ टाकायचो. आजारी कोण, हे मी एकदाही विचारलं नाही. मिशनच्या माणसांकडं कुणी ना कुणी आजारी असतंच, असं मी धरून चाललो होतो.

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. आई-बाप गेल्यावर दिगंबरदादानं मला वाढवलं. दुकानातलं पहिलं पोतं त्यानं स्वतःच्या पाठीवर आणलं. पुढं तो दारूच्या नादी लागला, मग छातीच्या रोगानं धरलं. दुकानाच्या पायरीवर बसून खोकायचा, खोकताना रक्त पडायचं, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. एका बाजारच्या दिवशी माझं डोकं फिरलं. चारचौघांत त्याचं अंथरूण रस्त्यावर फेकलं आणि म्हणालो, पुन्हा या पायरीवर दिसू नकोस. त्यानं अंथरूण झटकलं, घडी घातली आणि गेला.

आठ दिवसांनी माझा राग उतरला. आळंदला गेलो, सोलापूरला गेलो, स्टँडवर, धर्मशाळांत, दवाखान्यांत विचारलं. अण्णांनाही विचारलं. दवाखान्यातला माणूस, चार गावं हिंडणारा. ते डाळीच्या ढिगाकडं बघत म्हणाले, "दिसला तर सांगतो." ज्या माणसाच्या शब्दावर सगळा बाजार विश्वास ठेवायचा, त्याचा हा शब्द. दादा तेव्हा त्यांच्याच घरी, मागच्या पडवीत झोपलेला होता. माझ्या दुकानापासून बसनं अर्ध्या तासावर.

हे मला कळलं ते अण्णांच्या मातीनंतर, त्यांच्या घरी बसायला गेलो तेव्हा. त्यांच्या बायकोनं, मार्थाक्कानं, चहा दिला आणि पडवीतल्या खाटेकडं बोट केलं. स्टँडवर पडलेला दादा अण्णांनी घरी आणला होता. गोळ्या दिल्या, अंग पुसलं, थुंकीचं भांडं स्वतः धुतलं. मार्थाक्का रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ गरजूसाठी डब्यात बाजूला टाकते, त्यांच्या चर्चच्या मंडळीतली ही जुनी सवय. त्या डब्यातली भाकरी आणि माझ्या दुसऱ्या ओंजळीची डाळ, यावर दादा चार वर्षं जगला. दुसरी डाळ खायचा नाही. अण्णा बाजारातून आले की विचारायचा, आज बाबूनं किती शिव्या घातल्या? आणि जास्त असल्या की खूश व्हायचा.

"मग मला कळवलं कामून न्हाई?" मी ओरडलोच.

"त्यांनी वचन घेतलं होतं, धाकट्याला सांगायचं न्हाई म्हणून," मार्थाक्का म्हणाली. "तरी हे दोनदा सांगायला निघाले होते. दोन्ही बारीला तुम्ही दुकानात कुणावर तरी ओरडायलाव म्हणून माघारी आले."

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. अण्णांनी त्याला आपल्या देवाचं केलं नाही. गावातली आमची माणसं बोलावली, आमच्या रीतीनं सगळं केलं, आणि अग्नी द्यायला कुणी नाही म्हणून स्वतः दिला. पुढच्या महिन्यात ते डाळ न्यायला आले. मी सवयीनं दुसऱ्यांदा ओंजळ भरली, तर त्यांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं. मी म्हणालो, काय अण्णा, आजाऱ्याचं पोट भरलं वाटतं? "व्हय बाबुराव," ते म्हणाले, "भरलं त्याचं." मी हसलो होतो...

या माणसाच्या पाया पडावं की त्याच्याशी भांडावं, मला खरंच कळत नाही. पाया पडायला जातो तर ते फसवणं आठवतं. भांडायला उभा राहतो तर ते धुतलेलं भांडं दिसतं. दादाला माझी भेटच नको होती, की मी पुन्हा हाकलेन याची त्याला भीती होती, हे विचारायलाही कुणी उरलं नाही. त्यांच्या चर्चच्या पाळकांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, वचन पाळणं हीसुद्धा दयाच असते. असेल.

दुकानात अजूनही कुणाचं माप झालं की माझे हात आपोआप पुन्हा डाळीत जातात. समोर पिशवी धरलेली नसते. ओंजळ भरलेली राहते आणि गिऱ्हाईक बघत राहतं.

आजाऱ्यावर दया झाली, ती मी नाकारत नाही. पण अर्ध्या तासाच्या वाटेवर भाऊ जिवंत असताना जो माणूस त्याला सोलापूरच्या स्टँडवर शोधत फिरला, त्याच्यावर दया कुणी करायची होती? अण्णा तर गेले. त्यांच्या मंडळीतल्या जाणत्यांपैकी कुणीतरी माझ्या दुकानी यावं, समोर बसावं आणि याचं उत्तर द्यावं. मी ओरडणार नाही.