ताप आला तरी यायचं!

माझ्या वर्गात मुलं यावीत म्हणून मी एक नियम केला आणि महिन्याभरात वर्ग ओस पडला.

पालमहून रोज एसटीने जवळच्या एका खेड्यात जाऊन मी चौथीला शिकवते. माझी सई माझ्याच वर्गात. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. उरलेली मुलं तरी वेळेवर यावीत म्हणून मी फळ्यावर वेळापत्रक लिहिलं. पावणेदहाला घंटा, दहाला परिपाठ, दीडला खिचडी, साडेचारला सुट्टी. खाली लाल खडूने, 'ताप आला तरी यायचं!' (उद्गारचिन्हासकट!)

पोरं खरंच यायला लागली. भरलेला हजेरीपट मी उगाचच उघडून बघायची.

मग एका सोमवारी सई म्हणाली, "आई, अंग दुखायलंय. पाठीला लय खाज सुटायलीय."

"शाळा म्हटलं की तुझं सुरू!"

नवरा म्हणाला, "अगं, पोरगी तापलीय. राहू दे की आज."

"बाईचीच पोरगी घरी बसली तर गाव काय म्हणेल?" मी तिला तापाची गोळी दिली आणि माझ्याबरोबर एसटीत बसवलं.

दीडला खिचडी वाढणाऱ्या मावशी सईच्या मानेकडे बघून ओरडल्या, "अवं बाई, ह्या तर कांजण्या हायत!"

तोवर माझी गुणी लेक सकाळपासून तिघींच्या मधे बसली होती, दोघींच्या बाटलीतलं पाणी प्यायली होती आणि आता एकीच्या ताटात जेवत होती!

दोन आठवड्यांनी पोरं फोडांसकट शाळेत यायला लागली. मी घरी पाठवलं तर एक जण हटून बसला, "तुमीच लिवलंय की बाई!" मी धावत जाऊन फळा पुसला. पण नियम पोरांना पाठ झाला होता. (पाढे मात्र होत नाहीत!)

रेणुकाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. ती आजीजवळ राहायची. फोड दिसायच्या आधी दोन दिवस ती अंगात ताप घेऊन वर्गात बसली. मला कळलंही नाही. तिसऱ्या रात्री तिला धाप लागली आणि परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

मी गेले तेव्हा आजी खाटेजवळ बसली होती. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी म्हनलं ऱ्हा घरी. तर म्हनली, न्हाई आजे, बाईनं लिवलंय."

रेणुकाने डोळे उघडले. "बाई, माझा खाडा पडला का?"

"नाही गं," मी म्हणाले. बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि पदर तोंडावर धरून रडले.

दहा दिवसांनी ती घरी आली. सुकलेली, पण हसत. त्याच रात्री मला थंडी वाजून ताप भरला. तरी सकाळी मी शाळेत गेले! आजारी पोरांना परत पाठवायला फाटकाशी पालक उभेच होते. रेणुकाच्या आजीने माझ्या गालावरचा फोड बघितला.

"बाई, पोरांनी तुमचं ऐकलं. आता तुमी आमचं ऐका. घरी जावा!"

मी घरी गेले आणि अंगाला कडुलिंबाचा पाला लावून पडून राहिले. मी नव्हते तेवढे दिवस एकेक पोर बरं होऊन परतत राहिलं आणि माझ्या वर्गाची हजेरी रोज वाढत गेली.