पैलवानाचे बूट

हडपसरच्या एका मॉलमध्ये मी गेम झोनच्या काउंटरवर बसायचो. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक सिक्युरिटी गार्ड तिथे यायचा. पन्नाशीचा, जाड मानेचा, कुस्तीत कान चेचलेला. नाव मी कधी विचारलं नाही.

मारामारीच्या गेममध्ये तो दरवेळी एकच गडी निवडायचा, मिशीवाला हिंदुस्थानी पैलवान. वस्तादाच्या खुनाचा सूड घ्यायला हा जगभर हिंडतो, अशी त्याची कथा. अंगावर लंगोट, पायात मात्र गुडघ्यापर्यंत चामडी बूट. कॉलेजची पोरं हा गडी कधीच निवडत नसत, गार्डलाही सांगायची,

"काका, फार स्लो आहे तो. दुसरा घ्या ना."

गार्ड बटणांना हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा, लढायचा आणि हरायचा.

एकदा मीही म्हणालो, "अहो, पोरं बरोबर सांगतायत."

"ज्यानं हा बनवला, त्यानं तालीम बघितलेली नाही," स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला. "तांबड्या मातीत कुणी बूट घालून उतरतं होय?"

"मग घेता कशाला?"

"आपला आहे. त्याची काय चूक?"

तेवढ्यात मशीनशेजारी त्याचे ड्युटीचे काळे बूट दिसले, मोजे आत खोचलेले. तो अनवाणी उभा होता. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, "इथे बूट काढायला मनाई आहे."

"माहितीये," तो म्हणाला. "पण त्याला काढता येत नाहीत ना, म्हणून मी काढतो."