शिवप्पांचा नमुना

मी उदगीरला पोचलो तोवर शिवप्पांनी जुनी फ्रेंच वाइन स्टीलच्या ताटलीत ओतून ठेवली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"नमुना. माल न दाखवता सौदा? आमच्या आडतीत चालत न्हाई."

मी हैदराबादच्या एका हॉटेलसाठी वाइन खरेदी करायचो. शिवप्पा तुरीचे आडते. गळ्यात लिंग, दारूला कधी हात लावलेला नाही. शेजारच्या वयस्कर मुस्लिम बाईंनी, आपांनी, गळ घातली म्हणून लिलाव करायला उभे राहिले. आपांच्या वडिलांच्या बाटल्या विहिरीतल्या कोनाड्यात थंडाव्याला ठेवलेल्या. दुष्काळात विहीर आटली. सगळी गल्ली तिचंच पाणी प्यायची. ती खोल करायची, तर बाटल्या विकायला हव्या. त्यात लातूर नुकताच जिल्हा झालेला. विक्रीचा परवाना कुठल्या टेबलावर मिळतो हे शोधण्यातच अर्धा उन्हाळा गेला.

वाइनच्या लिलावात बाटली उघडत नाहीत. लेबल बघतात आणि लेव्हल, म्हणजे वाइन मानेत कुठवर आहे ते. खाली गेली असेल तर आत हवा शिरलेली. इथे लेव्हल खाली होती, पण लेबल नामांकित. "लेबल खरं असेल तर सोडू नकोस," असं आमच्या साहेबांनी बजावलं होतं.

मी चमचाभर चाखली. व्हिनेगरसारखी आंबट. कोरड्या विहिरीत उन्हाळा काढल्यावर दुसरं काय होणार?

"मी वासावरनंच ओळखलं, बेटा," आपा ओसरीवरून म्हणाल्या. "दारू न्हाई राहिली ती. सिरका हाय. कांदे टाकायला लई चांगला."

दुसरं गिऱ्हाईक मुंबईचं. मे महिन्यात कोट घातलेलं.

"साहेब, चाखा तरी," मी म्हणालो.

"मी लेबल विकत घेतो," ते हसून म्हणाले. मी भाव पाडायला बघतोय, असं त्यांना वाटलं असणार.

शिवप्पांनी हातावर उपरणं टाकलं. त्याखाली आडत्याची बोटं धरून भाव सांगायचा. दुसऱ्याला कळत नाही. मी मूठ मिटूनच ठेवली. मुंबईकरांनी बोटं धरली. शिवप्पा दचकले.

"साहेब, नमुना बघितला न्हाई तुम्ही. इचार करा, पुन्हा धरा."

भाव कमी पडला असं समजून मुंबईकरांनी आणखी एक बोट धरलं.

लेबल सोडलं म्हणून हैदराबादच्या साहेबांनी मला फोनवर झापलं. आपांच्या विहिरीला पावसाआधीच पाणी लागलं.

पुढे मी मोठमोठ्या लिलावांत बसलो. तिथे ताटली नसते, म्हणून भाव चढतात. उदगीरची ती उघडलेली बाटली मात्र आपांनी विकली नव्हती. त्या सिरक्यातले कांदे मी खाल्ले. माल उत्तम होता.