नऊ पोळ्या, नऊ प्रार्थना

आमच्या युसूफ वडगावात माझं वजन सगळ्या गावाला पाठ आहे, कारण ते ज्वारीच्या पोत्यांच्या काट्यावर होतं.

याला जबाबदार आमचे पाळकसाहेब. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि पहिल्याच रविवारी ते चर्चमध्ये म्हणाले, "आपलं शरीर म्हणजे देवाचं मंदिर आहे." हे म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडेच का पाहिलं, ते सांगायला नको. (माझ्या मंदिराला शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून सभामंडप फुटला होता.) डॉक्टरांनीही रक्तातली साखर वाढल्याचं बजावलं होतं. त्यात मी शाळामास्तर, चारचौघांत उठून बोलायची जुनी खोड! उठलो आणि जाहीर करून टाकलं, "ईस्टरच्या आधल्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत पाच किलो कमी करीन आणि इथंच उभा राहून साक्ष देईन!"

शेजारी बसलेली माझी बायको, सुवार्ता, हळूच म्हणाली, "आवो, आधी घरी तरी इचारायचं!"

पाळकसाहेबांनी मग मला एक युक्ती दिली. प्रत्येक वाढप घेण्याआधी डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि देवाला विचारायचं, ही भूक आहे का हाव? घरी ही युक्ती फारच लागू पडली, कारण मी डोळे मिटले की सुवार्ता पातेलं उचलून आत न्यायची. डोळे उघडले की देवाचं उत्तर समोर स्वच्छ दिसायचं! दोन आठवड्यांत दोन किलो उतरलो. शेजारच्या गुरुलिंगअप्पांचं भुसार दुकान आहे. दर शनिवारी ते मला काट्यावर चढवायचे आणि आकडा अख्ख्या बाजाराला ओरडून सांगायचे.

आणि होळी आली.

"सर, घरी पुरणाचा बेत हाय. न्हाई म्हणायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

सुवार्ता बहिणीकडे दिंद्रुडला गेली होती. तिचा फोन आला, "जावा, पर एकच पोळी. देवाला इचारून!" मी शब्द दिला. मनापासून दिला हो!

अप्पांच्या घरी पाटावर बसलो. ताटात येळवणीची आमटी, भजी, कुरडई आणि तुपात न्हालेली पोळी. पहिली पोळी नियमानं प्रार्थना करून खाल्ली. मग अप्पांच्या मंडळी, महादेवीकाकू, दुसरी घेऊन आल्या. मी ताबडतोब डोळे मिटले, हात जोडले आणि विचारलं, "प्रभू, भूक आहे का हाव?"

डोळे उघडले तर पोळी ताटात! वर तुपाची धार!

आता माझी चूक बघा. आपल्याकडं पाहुण्याला नको असेल तर तो ताटावर आडवा पडतो, दोन्ही पंजे पसरतो, आईची शपथ घालतो. तेव्हा कुठं वाढणारी बाई एकीऐवजी अर्धी वाढते. आणि मी? दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, ताट उघडं टाकून बसलेलो!

"काकू, बास झालं," मी म्हणालो.

"लाजू नका वो सर!" काकू म्हणाल्या.

"अगं, लाजतेत असं का म्हून म्हणतीस?" अप्पा गरजले. "हात जोडून मागायलेत ते! वाढ, वाढ!"

ताटात टाकणं आमच्या घरी पाप. दुसरी खाल्ली. तिसरीच्या वेळी पुन्हा देवाकडं धाव घेतली, तर तिसरीही आली. चौथ्या वेळी म्हटलं, आपली तळमळ कमी पडतेय. प्रार्थना चांगली लांबवली. तर दोन आल्या!

नऊ पोळ्या झाल्यावर मला पाटावरून उठवायला अप्पांनी दुकानातला हमाल बोलावला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण "सर हात जोडून पोळी मागतेत" ही बातमी गल्लीभर झाली. कुणाकडं काही गोडधोड झालं की पहिला डबा माझ्याकडं! सुवार्ता घरात नसली की मी झाकण उघडायचो, डोळे मिटायचो आणि एकटाच असल्यामुळे देवाच्या वतीनं उत्तरही मीच द्यायचो.

झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर अप्पांनी हौसेनं काटा चर्चच्या अंगणात आणला. सगळी मंडळी हातात झावळ्या घेऊन गोल उभी. मी चढलो. आकडा तोच, जिथून निघालो होतो तो! वर तीनशे ग्रॅम. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आकडा हळू आवाजात सांगितला. मी इतका शरमलो की डोळ्यांत पाणीच आलं. शब्द मी दिला होता आणि खाली मान सुवार्ता घालून उभी होती.

तेवढ्यात अप्पा पुढं झाले. "पाळकसायेब, सरांना काई बोलू नका! असा देवभोळा माणूस म्या बघितला न्हाई. आमच्या घरी नऊ पोळ्या खाल्ल्या, पर हरेक पोळीला डोळे मिटून देवाला इचारलं!"

"मग देव काय म्हणाला?" पाळकसाहेबांनी गंभीरपणे विचारलं.

"देवाचं म्हाईत न्हाई. आमची मंडळी मातर एकदाबी न्हाई म्हणाली न्हाई!"

सगळ्यात मोठ्यानं सुवार्ता हसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून जेवताना मी डोळे उघडे ठेवून, दोन्ही पंजे ताटावर पसरून प्रार्थना करावी, असं पाळकसाहेबांनी ठरवून दिलंय. मी ते निष्ठेनं पाळतो. फायदाही झालाय. घरातल्या बाकीच्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि पातेल्यात किती उरलंय ते आमेन व्हायच्या आत मला एकट्यालाच कळलेलं असतं!